गाव म्हणजे कोरा कागद नव्हे

बाजारात नवा माल आला की त्याला नवे नाव मिळते, आणि जुन्या नावाने त्याला ओळखणाऱ्यांना तो आपला वाटेनासा होतो. अलीकडे असा एक माल बाजारात आला आहे. त्याचे जुने नाव खेडे. खेड्यातला कापूस, केळी, ज्वारी ही बाजाराला नवी नाहीत. आता खेडेच विक्रीस निघाले आहे. त्याच्या जाहिराती मोठ्या रंगीत असतात. निसर्गाच्या कुशीत, शहरी कोलाहलापासून दूर, अद्याप कोणाचाही स्पर्श न झालेले, असे पुष्कळसे काव्य वर असते. आणि खाली बारीक अक्षरांत, भाव वाढण्यापूर्वी आजच नोंदणी करा, असे गद्य असते. वरची ओळ प्रवाशासाठी, खालची गुंतवणूकदारासाठी. पुष्कळदा दोन्ही ओळी वाचणारा गृहस्थ एकच असतो. शनिवारी तो प्रवासी असतो आणि सोमवारी गुंतवणूकदार.

या भाषेचा एक लहानसा कोश कोणीतरी करावयास हवा. ‘शांत’ म्हणजे ज्या गावातली तरणी पोरे कामासाठी सुरतेला नाहीतर पुण्याला गेली आहेत ते गाव. ‘दूर’ म्हणजे जेथून अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो ते गाव. ‘अस्पर्श’ म्हणजे जेथे नळाचा, डांबराचा आणि शाळेच्या दुसऱ्या मास्तरांचाही स्पर्श अद्याप नीटसा झालेला नाही. आणि ‘स्वस्त’ म्हणजे जेथल्या शेतकऱ्याला पिकाचा भाव न मिळाल्यामुळे जमिनीचा भाव मिळेल तो घ्यावा लागतो. गावात राहणाऱ्याची प्रत्येक अडचण ही अशा रीतीने घेणाऱ्याची सोय ठरते. ज्याच्या मौजेचे मूळ आपल्या अडचणीत आहे, त्याच्याकडून आपली अडचण दूर होण्याची आशा कोणी धरावी?

यावर कोणी म्हणेल, की जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती चालायचीच. अतिशयोक्तीबद्दल आमची तक्रार नाही. आमच्याकडचे भजनी बुवाही ती करतात. तक्रार आहे ती वगळण्याबद्दल. या चित्रांत डोंगर असतो, पाणी असते, मावळता सूर्य असतो. माणूस मात्र नसतो, आणि असलाच तर डोक्यावर भारा घेऊन पाठमोरा चाललेला असतो. त्याला तोंड नसते. तोंड असते तर त्याला काही विचारावे लागले असते.

हा व्यापार केवळ आपल्याकडचा नव्हे. इंडोनेशियाच्या पूर्वेकडील विदी नावाचा शंभराहून अधिक बेटांचा समूह २०२२ च्या डिसेंबरात एका परदेशी लिलावगृहाने लिलावात मांडला. त्या देशाचा १९६० सालचा जमीन कायदा असा, की जमिनीची पूर्ण मालकी फक्त देशाच्या नागरिकाला मिळते. मग बेटे विकावयाची कशी? तर बेटांच्या विकासाचा हक्क सांगणारी जी कंपनी होती तिचेच भाग विकावयास काढले. बेट विकले जात नव्हते, कागद विकला जात होता. पण घेणाऱ्याच्या हाती पडावयाचे होते ते बेटच. तेथील सरकारने आक्षेप घेतला आणि लिलाव बारगळला. पण सर्वत्र असे घडत नाही. त्याच देशात लोंबोक बेटावर मंडालिका येथे पर्यटननगरी आणि मोटारसायकलींच्या शर्यतीचा रस्ता होऊ लागला, तेव्हा तेथल्या रहिवाशांना जमिनीवरून आणि घरांतून हुसकावले जात असल्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना २०२१ साली जाहीरपणे चिंता व्यक्त करावी लागली. बाली बेटावर जमीन घेऊ पाहणारा परदेशी एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर ती घेतो, ही तेथली सर्वांना ठाऊक असलेली वाट आहे.

या वाटेला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडेही १९४८ चा कुळकायदा आहे. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यावयाची तर त्याला मुळात जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी. म्हणून नांगर कधी न धरलेले गृहस्थ शेतकरी असल्याचा दाखला शोधीत हिंडतात. १९४७ चा तुकडेबंदी कायदाही आहे, आणि तरी वावराचे गुंठे पाडून चुन्याच्या रेघांनी ‘फार्महाउस’चे प्लॉट आखलेले दिसतात. कायदा आणि त्याची बगल ही दोन्ही आपल्याकडे शेजारी शेजारी नांदतात.

खेडे विकण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग पुणे जिल्ह्यात मोसे नदीच्या खोऱ्यात झाला. वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवतीच्या १८ गावांचा प्रदेश २००१ साली राज्य सरकारने गिरिस्थान म्हणून जाहीर केला, आणि दासवे गावाच्या जागी लवासा उभे राहू लागले. इमारतींचा नमुना घेतला इटलीतल्या पोर्तोफिनो या समुद्रकाठच्या गावाचा. सह्याद्रीतल्या दासव्याला स्वतःचे काही रूप असेल असे कोणाला वाटले नाही. ते कोरे होते, म्हणून त्यावर इटली लिहिली. आमच्या जमिनी फसवून किंवा दडपणाने घेतल्या गेल्या, अशी तक्रार तेथल्या आदिवासींनी आणि शेतकऱ्यांनी केली. चळवळी झाल्या, न्यायालयाचे दार ठोठावले गेले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कामच थांबविले. पुढच्या वर्षी अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली, पण गाडी पूर्वीसारखी धावली नाही, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या लवादापुढे उभी राहिली. घरासाठी पैसे भरलेले कित्येक मध्यमवर्गीय गृहस्थ ताटकळत राहिले. म्हणजे गाव गेले ते गेले, आणि ज्याच्यासाठी गेले त्यालाही घर मिळाले नाही. गुंतवणूकदारांनीही या गोष्टीचा विचार करावा. ज्या जमिनीचा मूळचा हिशेब मिटलेला नाही, तिच्यावर बांधलेल्या घराचा पाया सिमेंटाने भक्कम होत नसतो.

दूरच्या बेटाची आणि सह्याद्रीतल्या खोऱ्याची ही कथा तापीकाठच्या माणसाला कशाला, असे कोणी विचारील. म्हणून आता आमच्याकडे या. जळगाव जिल्ह्यातले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, काही बेट नव्हे. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग तेथून जातो. पण त्या मार्गावरून आत वळले की चांगदेव लागते. तेथे तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. काठावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे. खाली हतनूरला ४१ दरवाजांचे धरण आहे, आणि त्याने अडविलेले पाणी मागे दूरवर पसरते. हिवाळ्यात त्या पाण्यावर परदेशचे पक्षी उतरतात. कोथळी आणि मेहूण ही मुक्ताईची ठिकाणे याच परिसरात आहेत, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग आहे. संगम, देऊळ, जलाशय, पक्षी, डोंगर! जाहिरात लिहिणाऱ्याला याहून अधिक ते काय हवे? आणि महामार्ग हाताशी असल्यामुळे ‘दूर, पण सोयीचे’ हेही त्याला लिहिता येईल. अशी जाहिरात निघाल्यावर तिच्यावर रडण्यापेक्षा ती निघण्यापूर्वी चार गोष्टी बोलून ठेवणे बरे.

या चांगदेवाची एक कथा महाराष्ट्रातल्या पोराबाळांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास घेतले. पण वयाने लहान आणि अधिकाराने थोर अशा त्या मुलाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे काही ठरेना. अखेर कोराच कागद धाडला. तो पाहून धाकटी मुक्ताई म्हणाली, की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच चांगदेवपासष्टी. आम्हांला या कथेतला मुक्ताईचा न्याय फार मोलाचा वाटतो. कागद कोरा होता; पण कोरेपणाचा आरोप तिने कागदावर न ठेवता पाठविणाऱ्यावर ठेवला. ज्याला गाव कोरे दिसते त्याच्याविषयीही असेच म्हणावयास हवे. गावावर पुष्कळ लिहिलेले आहे. त्याला वाचता येत नाही, एवढेच.

काय लिहिलेले आहे? प्रथम सातबारा घ्या. त्यावर मालकाचे नाव असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो, आणि गावाचे निम्मे शहाणपण त्या रकान्यात असते. विहिरीत भावाचा हिस्सा किती, वहिवाटीचा रस्ता कोणाचा, सोसायटीचे कर्ज किती, या गोष्टी तेथे नोंदलेल्या असतात. घेणारा मालकाचे नाव पाहतो आणि हा रकाना मिटवून घेण्याची घाई करतो. मग पुढच्या वर्षी शेजाऱ्याची बैलगाडी वावराकडे निघाली की तिच्या आड लोखंडी फाटक येते. ज्या पांदीने आजा-पणजा गेला ती पांद एकाएकी खाजगी होते.

सातबाऱ्यावर नसलेलेही पुष्कळ लिहिलेले असते. गायरानाला ‘पडीक’ म्हणणाऱ्याने एकदा त्या भूमिहीन बाईला विचारावे, की तिच्या दोन शेळ्या कोठे चरतात. धरणाच्या काठाला ‘मोकळा किनारा’ म्हणणाऱ्याने जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांना विचारावे. धरणाचे पाणी ओसरले की उघडी पडणारी जमीन गाळपेर म्हणून कसली जाते. उन्हाळ्यात जी मोकळी दिसते तिच्यावर कोणाचे तरी वर्षाचे पोट असते. आणि सगळ्यांत मोठे अक्षर तर पाण्याखाली आहे. हतनूरचे धरण १९८२ च्या सुमारास पुरे झाले आणि या काठावरच्या लोकांनी घरे, शेते, देवळे, मसणवटी पाण्याला दिल्या. देशाच्या गरजेसाठी एकदा उठलेला माणूस कोणाच्या तरी शनिवार-रविवारसाठी दुसऱ्यांदा उठावा, ही अपेक्षा करणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

जमीन हातची जाते म्हणजे काय होते हे खान्देशाला पुस्तकातून शिकावयाचे नाही. शहादा-तळोद्याकडे आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या आणि अंगठ्याच्या वाटेने बाहेरच्यांकडे गेल्या. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते १९७१-७२ च्या सुमारास त्या प्रश्नावर उभे राहिले तेव्हा कोठे महाराष्ट्राने तिकडे पाहिले. १९७४ साली आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर निर्बंध आले, आणि गेलेली परत देण्याचाही कायदा झाला. जमीन जावयाला एक अंगठा पुरला; ती परत मिळवावयाला चळवळ लागली, तुरुंग लागले आणि कायदा लागला.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. तेही हलके नाही, म्हणून ते टाळून चालणार नाही. शेतकरी विचारतो, ‘जमीन माझी. पोरीचे लग्न माझे, दवाखान्याचे बिल माझे. कपाशीला भाव नसतो तेव्हा तुम्ही लेखक मंडळी कोठे असता? मला चांगला भाव मिळत असेल तर तुम्ही आडवे येणारे कोण?’ प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे, की विकण्याचा तुझा हक्क कोणी नाकारीत नाही. पण तुला जो भाव मिळतो आहे तो भाव आहे काय, हे तू पाहा. एकराने घेतलेली जमीन पुढे चौरस फुटाने विकली जाते. त्या दोन मापांमधले अंतर हीच सगळी कमाई, आणि ती होते तेव्हा तू कागदावर नसतोस. तुझी अडचण हेच ज्याचे भांडवल आहे, त्याला तू मोकळेपणाने विकतोस असे म्हणता येत नाही. मोकळेपणा हवा असेल तर पिकाला भाव आणि आजारपणाला दवाखाना, या दोन गोष्टी आधी हव्यात. त्या आल्यावर ज्याला विकावयाचे त्याने खुशाल विकावे.

दुसरे म्हणतात, रोजगार येईल. येईल, हे खरे. पण कोणता? काल जो वावराचा मालक होता तो आज त्याच वावराच्या फाटकावर राखणदार होतो आणि येणाऱ्या मोटारीला सलाम करतो. त्याची बायको कालपर्यंत स्वतःच्या चुलीवर कळण्याची भाकरी थापीत होती; ती आता ‘अस्सल गावरान जेवण’ म्हणून तीच भाकरी दुसऱ्याच्या चुलीवर पगारावर थापते. काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. मालकाचा नोकर झाला याला उन्नती म्हणू नका, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, तुम्हांला खेडे जसेच्या तसे ठेवावयाचे आहे काय? मुळीच नाही! गाव बदलावे ही इच्छा गावकऱ्यांइतकी कोणालाच नाही. खेडे जसेच्या तसे राहावे असे वाटते ते जाहिरातवाल्याला. कारण ‘अस्पर्श’ हाच त्याचा माल. आम्हांला रस्ता हवा, पण तो शाळेकडे आणि दवाखान्याकडे जाणारा हवा.

तेव्हा आमचे भांडण पाहुण्याशी आहे असे कोणी समजू नये. पाहुणा कसा यावा आणि कसा जावा, हे या भूमीला चांगले ठाऊक आहे. आमच्याच जिल्ह्यात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की राष्ट्राने एकदा खेड्याचे पाहुणे व्हावे. तेथे टिळकनगर उभे राहिले. थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी ते सजविले, आणि सजविले ते खेड्यातल्याच साध्या सामग्रीने. देशभरातून माणसे आली, राहिली, जेवली, बोलली आणि गेली. फैजपूर मात्र फैजपूरकरांचेच राहिले.

दुसरे उदाहरण दरसालचे. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. महिन्याहून अधिक काळ ती चालते. वाटेत किती गावांत मुक्काम! वारकरी शाळेच्या ओट्यावर निजतो, कोणाच्याही घरची भाकरी खातो, विहिरीचे पाणी पितो, आणि पहाटे उठून पुढे निघतो. त्याच्या येण्याने गावाला आनंद होतो, जाण्याने हुरहुर लागते. पण त्याच्या मुक्कामाने कोणाच्याही सातबाऱ्यावर नवे नाव चढत नाही. महाशिवरात्रीला आमच्याकडे यात्रा भरते तेव्हाही हेच. शतकानुशतके येणारी ही माणसे काय अरसिक आहेत, संगम त्यांना दिसत नाही? दिसतो. पण सुंदर गोष्ट पाहिली की ती आपल्या नावावर करून घ्यावी, असे त्यांच्या मनात येत नाही. पाहुणा आणि खरेदीदार यांतला भेद हाच. पाहुणा गावाला विचारून येतो; खरेदीदार गावाला न विचारता राहतो.

येथवर बाहेरच्यांना बोललो. पण बाहेरचा माणूस एकटा येत नाही. त्याला बांधावर आणून उभा करतो तो आपल्यातलाच कोणी. कोणाची जमीन भाऊबंदकीत अडकली आहे, कोणाचे कर्ज थकले आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे, हे त्याला माहीत असते. आणि ही आपुलकीने कळलेली माहिती तो दलालीवर विकतो. परक्याचा लोभ आणि घरच्याची फितुरी एकत्र आल्यावाचून आजवर कोणतेही गाव गेलेले नाही. या मंडळींना गावात मान मिळतो, लग्नात पहिल्या पंगतीला बसविले जाते, ही आपली लाज आहे. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, जमिनीचा मोठा व्यवहार ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. कायदा सांगो न सांगो, गावाने तसा रिवाज पाडावा. काळोखात होणारे सौदे उजेडात वाचले की निम्मे आपोआप मोडतात. दुसरी गोष्ट, पाहुण्याला घर द्यावयाचे तर आपले द्यावे, आणि मालकी आपली ठेवावी. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा लाभ शेतकऱ्याने स्वतः घ्यावा. केळीचा बाग दाखवावा, भरीत-भाकरी वाढावी, पक्षी पाहावयास येणाऱ्याला होडीतून न्यावे आणि रोख मोबदला घ्यावा. जागा द्यावयाचीच झाली तर मुदतीच्या भाड्याने द्यावी. खरेदीखत करू नये. तिसरी गोष्ट, गायरान, पांद, नदीचा काठ आणि गाळपेर यांचा हिशेब गावाने स्वतःजवळ लिहून ठेवावा, म्हणजे उद्या कोणी त्यांना पडीक म्हणेल तेव्हा पुढे करावयास कागद असेल.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावे. त्या लहानशा गोंड गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि २०१३ साली १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गावातली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय केला. ज्या विनोबांच्या विचारातून तो कायदा निघाला, त्यांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली आमच्या धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. विचार आमच्या अंगणात उच्चारला गेला. आचरला मात्र दूरच्या जंगलातल्या गावाने, असे आमच्या पुढच्या पिढीने म्हणू नये.

दिवाळीचे दिवस आहेत. पाडव्याला आमच्या आयाबहिणी बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतील. त्या बळीची कथा तरी काय आहे? एक लहानखुरा पाहुणा दारी आला आणि त्याने फक्त तीन पावले जमीन मागितली. शुक्राचार्यांनी सावध केले होते, तरी बळीने शब्द पाळला आणि सर्वस्व गेले. पण बळीने दान केले होते. विसाराचे चार पैसे घेऊन त्याने पावतीवर अंगठा उठविला नव्हता. आपण बळीचे नाव घेतो आणि बळीहून स्वस्तात जमीन देतो, हे फार दिवस चालावयाचे नाही.

ज्याला आमचे गाव पाहावयाचे आहे त्याने अवश्य यावे. तापी-पूर्णेच्या संगमावर बसावे, मुक्ताईला नमस्कार करावा, जेवून जावे. ज्याला ते विकत घ्यावयाचे आहे त्याने आधी ते वाचावे. वाचून झाल्यावर घेण्याची इच्छा उरलीच, तर दलालाकडे न जाता चावडीवर यावे आणि सगळ्या गावासमोर किंमत सांगावी.